भाऊंची खिडकी

भाऊंना जाऊन आता दोन वर्षं होतील, पण माझा त्यांच्यावरचा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो हे मला कळतं. पण बारा वर्षं मी त्या माणसाला एकच गोष्ट सांगत होते. भाऊ, खिडकी उघडा. कारखान्याची पूर्वेकडची, विहिरीच्या बाजूची, एकुलती एक खिडकी. मी काही त्यांची जमीन माझ्या नावावर करून मागत नव्हते.

चौलला आमची नारळी-सुपारीची वाडी आहे आणि वाडीच्या टोकाला सासऱ्यांनी घातलेला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हटलं की नव्या माणसाला काहीतरी मोठं वाटतं. आहे ती पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला साचे आणि प्लास्टरची पोती, मध्ये घासकामाच्या बायका, दुसऱ्या टोकाला रंगाचा फवारा मारायचा कंप्रेसर, आणि खिडकीखाली एका बुटक्या पाटावर भाऊ. भाऊ आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीची कामं चार हात मिळून करतात, डोळे मात्र एकच माणूस काढतो, आणि त्याची रेघ चुकली की मूर्ती गेली. भाऊ पेणला शिकलेले. सासऱ्यांनी त्यांना इकडे आणलं आणि सासरे वारल्यावरही ते इथेच राहिले, वाडीतल्या खोलीत, एकटे. बायको कधीच गेली होती, मुलगी पेणला दिलेली. मला ते सूनबाई म्हणायचे, आणि माझा नवरा सुधीर, जो कागदोपत्री कारखान्याचा मालक आहे, त्याला नुसतं 'ए सुधीर'.

मी तळा गावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती, त्यामुळे तोंडाला भारी धार होती. पहिल्याच आषाढात शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला समोरचं दिसेना. बाहेर ओल असते म्हणून चारी बाजूंना प्लास्टिक बांधलेलं, आत मूर्ती सुकाव्यात म्हणून मोठमोठे दिवे लावलेले, पंखा बंद, खिडकी बंद. घासकामाच्या पाच बायका पॉलिश पेपरने मूर्ती घासत होत्या आणि त्यांच्या भुवया, पापण्या, ओठांवरची लव सगळं पांढरं झालं होतं. थिनरचा वास असा की डोकं गरगरावं. मी सरळ गेले आणि खिडकीची कडी काढली.

"कोन हाय? बंद कर ती! आधी बंद कर!"

आवाज एवढ्याशा माणसाचा असेल असं वाटलं नव्हतं. अंगात बंडी, खाली चट्ट्यापट्ट्याची लुंगी, कानावर पेन्सिल, आणि हातात तीन केसांचा ब्रश. मी म्हणाले, "भाऊ, अहो, आत हवा कुठे आहे?" तर म्हणाले, "हवाच नको हाय. डोळा ओला असताना वारा आला का धूळ बसते. मंग देव आंधळा जातो लोकांच्या घरी. चालंल तुला?"

मी नवी सून. गप्प कडी लावली. बारा वर्षांतली माझी पहिली हार ती.

पण मग त्यांनी जे केलं ते बघून मी तिथेच उभी राहिले, हे कबूल करायला हवं. ते "हां" म्हणाले. एवढंच. त्याबरोबर शेडमधलं सगळं थांबलं. घासणं थांबलं, कंप्रेसर थांबला. भाऊंनी सगळा श्वास बाहेर सोडला आणि पुन्हा घेतलाच नाही. रिकाम्या छातीने ते पुढे वाकले. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, भुवई. मग दुसरा डोळा. एका श्वासात दोन्ही डोळे! मी मनात आकडे मोजत होते, मोजता मोजता माझाच जीव घाबरा झाला. ब्रश बाजूला ठेवून त्यांनी श्वास घेतला, आणि मूर्ती आमच्याकडे बघत होती. मघापर्यंत ती प्लास्टरची होती. असं काही बघितलं की माणसाला त्या हाताबद्दल माया वाटते, आणि तिथेच माझी फसगत झाली.

त्यांनी "हां" म्हटल्यावर कोणी खोकायचं नाही, हा त्या कारखान्याचा नियम होता. बायका पदराचा बोळा तोंडात घालून बसायच्या. पहिल्या वर्षी मला ते मोठं भक्तीचं वाटलं. दुसऱ्या वर्षी कळलं की भक्तीबिक्ती काही नाही, बिचाऱ्या खोकला दाबून बसल्यात. त्यांत रंजना नावाची एक होती, आग्रावची, अंगाने किरकोळ पण हाताला वेग असलेली. तिची तर मान थरथरायची. भाऊ "झालं" म्हणाले की सगळ्या एकदम खोकायला लागायच्या. भाऊंना तो आवाज ऐकूही यायचा नाही, कारण तेही त्याच वेळी खोकत असायचे.

खोकल्यावर भाऊंकडे दोन औषधं होती. एक तपकीर. नाकात धूळ गेली की वरून चिमूटभर तपकीर ओढायची, म्हणजे शिंकेबरोबर सगळं बाहेर! दुसरं औषध गूळ. दुपारी चार वाजता चहा यायचा तेव्हा भाऊ डब्यातून गुळाचे खडे काढून प्रत्येकीच्या हातावर ठेवायचे. "खा. छाती धुवून निघते. धूळ सगळी पोटात उतरते." हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या जणींना सांगितलं होतं की ते खरं नाही असं म्हणणारी मीच वेडी ठरले.

शेवटी मी शाळेतून श्वसनसंस्थेचा तक्ता आणला. गुंडाळी सोडून शेडमध्ये खांबाला टांगला, छडी घेतली, आणि भर घासकामात तास घेतला. ही अन्ननलिका, ही श्वासनलिका. दोन वेगळ्या वाटा. गूळ जातो इकडून, धूळ जाते तिकडून. गूळ बिचारा धुळीला भेटतच नाही. बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. भाऊ उठून तक्त्याजवळ आले, चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पडला एकदाचा प्रकाश.

"चित्र बरं हाय," ते म्हणाले. "पन डाव्या फुप्फुसाची शेडिंग चुकलीय. उजेड उजवीकडनं येतोय ना? मंग ही बाजू काळी पायजे."

आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढून शाळेच्या तक्त्यावर शेडिंग करून दिली. हेडमास्तरांना मी काय सांगितलं ते माझं मला माहीत. तक्ता अजून वर्गात आहे. खरं सांगायचं तर आता बरा दिसतो.

मास्कची गोष्ट तर मी कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा हसतो आणि मला अजून हसू येत नाही. अलिबागहून मी चांगले, कपाच्या आकाराचे, घट्ट बसणारे मास्क आणले. दोन खोकी. प्रत्येकीला घालायला शिकवलं, भाऊंच्या नाकावर स्वतः बसवून दिला. ते काही बोलले नाहीत, तिथेच मला संशय यायला हवा होता. दोन दिवस शाळेच्या परीक्षेत गेले. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आले तर फळ्यांवर ओळीने चाळीस गणपती बसलेले, आणि चाळीसच्या चाळीस गणपतींनी मास्क लावलेले! डोळ्यांवर पांढरा कप, रबर मुकुटामागे अडकवलेलं. खाली माणसं उघड्या तोंडाने फवारा मारत होती.

"भाऊ!" माझा आवाज पार विहिरीपर्यंत गेला असेल. "हे काय आहे?"

"लई बेस आनलास सूनबाई," भाऊ खुशीत होते. "आखणी झाल्यावर बाकीचा फवारा मारताना डोळ्यावर शितोडे उडायचे. इतकी वर्षं कागद लावायचो, उडून जायचा. हे कसं घट्ट बसतं. अजून दोन खोकी आन."

"मी ते तुमच्यासाठी आणले होते!"

"अगं, मानसाला खोकला येतो, तो जातो. मूर्तीला डाग पडला तर तो जात न्हाय. डाग कोन घेतंय?"

सुधीर मागे उभा राहून खाली मान घालून हसत होता. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. भाऊंशी मात्र बोलावं लागलं, कारण ते दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारत आले की मास्क कधी आणतेस.

ओल्या घासकामाचंही मी सांगून बघितलं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं तर धूळ उडत नाही, ती पाण्याबरोबर खाली बसते. भाऊ म्हणाले, ओली मूर्ती सुकायला वेळ लागतो. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसा म्हटलं, तर म्हणाले, हे काय हॉस्पिटल हाय? सुधीरच्या मागे लागून मी हवा बाहेर फेकणारा पंखा भिंतीत बसवून घेतला. आखणीच्या वेळी वारा नको म्हणून भाऊंनी त्यात गोणपाट कोंबलं, "धा मिनिटं फक्त." गोणपाट गौरीविसर्जनापर्यंत तिथेच होतं. शेवटी मी हात टेकले.

आणि मग एका वर्षी माझ्या लक्षात आलं की भाऊ आता एका श्वासात एकच डोळा काढतात.

दुसऱ्या कोणाला कळलं नाही. मी मोजत होते म्हणून कळलं. डावा डोळा झाला की ते मागे सरकायचे, ब्रशचं टोक उगाच निरखायचे, मग पुन्हा वाकायचे. पुढच्या वर्षी पापणी झाली की थांबायला लागले. शेडपासून त्यांची खोली पन्नास पावलांवर, तर मध्ये सुपारीच्या झाडाला हात टेकून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "फळं बघतोय, औंदा धरलीत बरी." सुपारीची फळं बघायला वर मान करावी लागते. हे खाली बघून बघायचे.

दिवाळीनंतर मी त्यांना जवळजवळ ओढतच अलिबागला नेलं. एसटीत बसल्यापासून ते रागावलेले. डॉक्टर तरुण होते, सोशिक होते. त्यांनी छातीचा फोटो काढला आणि मग एका नळीत फुंकायला सांगितलं, पूर्ण जोर लावून, जितका वेळ जमेल तितका. भाऊंना वाटलं पैज आहे. बंडी सावरली, छाती फुगवली, फुंकले. डॉक्टर म्हणाले, आजोबा, अजून एकदा, नीट. पुन्हा फुंकले. तिसऱ्यांदा फुंकताना इतके खोकले की सिस्टर पाणी घेऊन धावली.

श्वास परत आल्यावर भाऊ डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मी श्वास धरणारा मानूस हाय. सोडनारा न्हाय. धरायची परीक्षा घ्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश, साध्या भाषेत त्यांनी सांगितलं की फुप्फुसं आतून राठ झाली आहेत, गेलं ते परत येणार नाही, पण आता धूळ आणि रंगाचा फवारा थांबला तर जे उरलंय ते टिकेल. कारखान्यात हवा खेळती ठेवा, नाहीतर तिथे जाऊ नका. भाऊ मान डोलावत होते. मला बरं वाटलं, माझं नाही तर निदान पांढऱ्या कोटातल्या माणसाचं तरी ऐकतील. परत येताना एसटी रेवदंड्याच्या अलीकडे आली तेव्हा ते म्हणाले, "खारा वारा हाय ना इकडं, म्हनून ती मशीन बिघडली असंल." आणि डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी गाडीतून उतरून चालत घरी जावंसं वाटलं.

त्याच्या पुढच्या सीझनला ती गोष्ट घडली.

चतुर्थी आठ दिवसांवर आली होती. एका मंडळाची मोठी मूर्ती होती, माणसापेक्षा उंच, तिचे डोळे वीतभर लांब. शनिवार होता, शाळा सकाळची, मी दुपारी शेडमध्ये होते. भाऊ स्टुलावर चढले, "हां" म्हणाले. सगळं थांबलं. पूर्वी हे थांबणं एका श्वासाचं असायचं. आता भाऊंना प्रत्येक रेघेला थांबून दम घ्यावा लागत होता, आणि ते "झालं" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, कोणी खोकायचं नाही, हा नियम तसाच होता. त्यांचा श्वास आखूड झाला तसा बायकांचा दाबून धरलेला खोकला लांबत गेला. हे इतकं सरळ होतं, आणि मी विज्ञान शिकवणारी बाई, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

रंजना माझ्यासमोर बसली होती. तोंडात पदर. तिची मान थरथरायला लागली, मग खांदे. डोळ्यांतून पाणी वाहून गालावरच्या पांढऱ्या धुळीत दोन रेघा पडल्या. मी तिला हाताने खूण केली, बाहेर जा, उठ. तिने मान हलवून नाही म्हटलं. ती भाऊंकडे बघत होती. मग तिचा हात फळीवर आपटला, एक लहान मूर्ती खाली पडून फुटली, आणि रंजना कुशीवर कोसळली.

"कोन हललं?" भाऊ मागे न बघता ओरडले.

मी धावले. तिचे ओठ निळे पडले होते. छाती वर-खाली होत होती पण आत काही जात नव्हतं, नुसता शिट्टीसारखा आवाज येत होता. मी खिडकीकडे गेले. कडी गंजून बसली होती. मी ओढतेय, सुधीर ओढतोय, कडी जागची हलेना. बारा वर्षांत ती कोणी उघडलीच नव्हती! शेवटी आम्ही दारावरचं प्लास्टिक फाडून रंजनाला उचलून बाहेर विहिरीजवळ नेलं. सुधीरने रिक्षा बोलावली. निघताना मी एकदा आत बघितलं. भाऊ स्टुलावर बसले होते, हातात ब्रश तसाच, आणि मूर्तीचा एक डोळा अर्धा राहिलेला.

अलिबागला वेळेवर पोहोचलो. रंजना वाचली. दम्याचा जोरदार झटका, डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा धुळीत बसली तर आमच्याकडे आणायला वेळही मिळणार नाही. तिचा नवरा होडीवर जाणारा, दोन मुली शाळेत, त्यातली धाकटी माझ्याच वर्गात. मी तिच्या खाटेपाशी बसले होते आणि मनात ठरवत होते की भाऊंना आता काय काय बोलायचं. सासऱ्यांनी आणलेला माणूस, ही भीडही आता ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतून ठोकाठोकीचा आवाज आला. जाऊन बघते तर भाऊ पहार घेऊन खिडकी काढत होते. उघडत नव्हते, काढत होते. चौकटीसकट. दोन घाव घालायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे, धापा टाकायच्या, पुन्हा दोन घाव. सुधीर म्हणाला, "भाऊ, द्या मी करतो," तर पहार त्याच्यावरच उगारली. चौकट बाहेर पडली आणि विहिरीवरचा वारा सरळ आत आला. एवढ्या वर्षांची फळ्यांवरची धूळ उडून शेडमध्ये ढग झाला, मग हळूहळू बसला.

मी बोलायला तोंड उघडलं. भाऊ म्हणाले, "कडीला गंज चढला व्हता. किती दिवस सांगतोय सुधीरला, लक्षच देत न्हाय."

रात्रभर जुळवलेलं सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं.

तो अर्धा डोळा त्यांनी त्याच दिवशी पुरा केला, वाऱ्यात. "हां" म्हणाले नाहीत. कोणी खोकलं तर खोकू दिलं. कसलंसं कुसळ येऊन बुबुळावर चिकटलं, ते ब्रशच्या टोकाने उचललं आणि पुढे गेले. गोणपाट पंख्यातून निघालं. आठ दिवसांत भाऊंनी बायकांना बादल्या दिल्या आणि पेपर भिजवून घासायला सांगितलं. "मला काल सुचलं," मला म्हणाले. "ओलं घासलं का धूळ उडत न्हाय, बघ." मी म्हणाले, "हो का?" म्हणाले, "व्हय. तू शाळेत असतेस, तुला न्हाय कळायचं."

रोज संध्याकाळी मात्र एक प्रश्न असायचा. कशी हाय ती? मी सांगायचे, बरी आहे. मग ते खोलीकडे जायचे. रंजना घरी आल्यावर तिला बघायला गेले तेव्हा हातात पुडी होती. मी वास घेतला. गूळ! मी नुसतं "भाऊ..." म्हणाले. ते म्हणाले, "औषध म्हनून न्हाय गं. नुसताच. खायला."

रंजना आता घासकाम करू शकत नव्हती आणि दुसरं काही तिला येत नव्हतं. घरात बसून तिचं चालणार नव्हतं. हे सुधीरने मला सांगितलं, मी भाऊंना सांगितलं, आणि भाऊ म्हणाले, दिवाळी झाली का तिला पाठव, हात बघतो. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला ब्रशला हात लावू दिला नव्हता. पेणहून दोन जण शिकायला आले होते त्यांना हाकलून दिलं होतं.

शेडच्या बाहेर, पेरूच्या झाडाखाली दोन पाट मांडले. फुटक्या मूर्तींची तोंडं समोर ठेवून रंजना दिवसभर पापण्या काढायची आणि भाऊ मागे खुर्चीवर बसून ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. एक दिवस मी शाळेतून येत होते आणि माझ्या कानावर पडलं, "श्वास धरतेस कशाला? धरायचा न्हाय. चालू ठेव. सोडताना रेघ ओढायची, सावकाश. घे... सोड... आता ओढ."

मी पिशवी तिथेच टेकवली. "भाऊ, चाळीस वर्षं तुम्ही श्वास धरून डोळे काढलेत. सगळ्यांना धरायला लावलात!"

"मंग त्या शेडात घेन्यासारखी हवा व्हती का?" भाऊ शांतपणे म्हणाले. "म्हनून धरायचो."

म्हणजे माहीत होतं! सगळं माहीत होतं या माणसाला, तक्त्याच्याही आधीपासून. मी विचारलं, विचारलं कसलं, ओरडलेच, "मग खिडकी का नाही उघडलीत?"

"सांगितलं व्हतं की तुला. डोळ्यावर धूळ बसली असती."

रंजनाने ब्रश खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी तिथून निघून गेले, कारण थांबले असते तर रडले असते आणि भाऊंनी त्याचंही काहीतरी कारण सांगितलं असतं.

पुढच्या सीझनला आखणी रंजनाने केली. भाऊ खिडकीच्या मोकळ्या भोकासमोर खुर्ची टाकून बसायचे, नाकापाशी चुकलं, पापणी जाड झाली, असं एक-दोन शब्दांत सांगायचे, त्याहून जास्त बोलवत नसे. शेवटची मूर्ती गेली त्या दिवशी त्यांची मुलगी पेणहून त्यांना न्यायला आली. तिथे मोठं हॉस्पिटल जवळ, घरात माणूस. भाऊ कां-कूं न करता तयार झाले, त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

रिक्षा वाडीच्या तोंडाशी उभी होती. मुलगी आत बसली, पिशव्या ठेवल्या. मी मुद्दाम नवा मास्क आणून दिला होता, कारण रस्त्याचं काम चाललं होतं आणि सगळीकडे माती उडत होती. भाऊंनी तो लावला होता. कपाळावर. त्यांनी बोट हलवून मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, ती खिडकी... बंद करू देऊ नको. सुधीर करंल, माल खराब होतो म्हनून. करू देऊ नको."

"नाही देणार."

"रंगावर धूळ बसली तर... पुसता येते."

"हो, भाऊ."

"घासकाम ओलंच. केरसुनी न्हाय मारायची... फडकं." ते थांबले, दम घेतला, आणि माझ्याकडे चांगलं रागावून बघितलं. "आनि त्या बायकांना मास्क लावायला सांगत जा जरा. तुझं लक्षच नसतं कारखान्यात."

बारा वर्षं! मी वाकून त्यांच्या कपाळावरचा मास्क खाली ओढला, नाकावर नीट बसवला, कडा दाबल्या. ते शहाण्यासारखे बसून राहिले. रिक्षा सुरू झाली. सुपारीच्या झाडांमधून वळणापर्यंत गेली, आणि तिथे मला मागच्या काचेतून भाऊंचा हात वर जाताना दिसला. त्यांनी मास्क पुन्हा कपाळावर सरकवला.

"भाऊ, खाली घ्या तो!" मी ओरडले. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी मी रस्त्यात उभी राहून ओरडत होते, खाली घ्या, भाऊ, खाली घ्या.